शून्याची चूक

राजारामपुरी, आठवी गल्ली,
बॅटरीच्या दुकानावरचा दुसरा मजला.
पहिल्यांदा आले तेव्हा कुलूप होतं.
वार बरोबर होता, आठवडा चुकला होता.
दुसऱ्यांदा आले तेव्हा फॉर्म घरी राहिला.
मिरजे मॅडम हसल्या नाहीत.
वहीत काहीतरी लिहिलं, म्हणाल्या,
"हेसुद्धा तपासणीतच धरू."

अठरा प्रश्न. प्रत्येकापुढे पाच चौकटी.
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, नेहमी.
समोरचा माणूस बोलत असताना
तुमचं मन दुसरीकडे जातं का?
खाली एक पोरगा बॅटरीत पाणी ओतत होता,
हातात नरसाळं नाही,
तरी थेंब सांडत नव्हता, एकसुद्धा,
"मगदूमताई?"
कितवा प्रश्न होता?

शिरोलीच्या फौंड्रीत मी कास्टिंग तपासते,
एकोणीस वर्षं झाली.
केसाएवढी चीर माझ्या बोटाला आधी कळते,
डोळ्याला नंतर.
तीन-तीन तास जागची उठत नाही,
डबा तसाच राहतो.
"मग लक्ष नाही असं कसं म्हणायचं?"
मी विचारलं, जरा भांडायच्या सुरात.
"लक्ष भरपूर आहे हो," मॅडम म्हणाल्या,
"ते तुमचं ऐकत नाही, एवढंच."

लाईटबिलाचे पैसे असतात, तारीख निघून जाते.
दूध करपल्याच्या वासाने आठवतं.
भरतेश आता बोलत नाही.
त्याने दारामागे किल्ल्यांसाठी खिळा ठोकला,
वर्षभराने दुसरा.
आज पाच खिळे आहेत तिथे.
किल्ल्या फ्रीजमध्ये सापडतात, कोथिंबिरीखाली.

माझं नाव सुलक्षणा.
"ही काय लक्षणं?" हे ऐकतच वाढलेली.
मॅडमच्या कागदावर तोच शब्द छापलेला होता, लक्षणे,
पण त्याने हात उगारलेला नव्हता.
मी तो दोनदा वाचला.

लहानपणचं सांगणारं कुणी लागतं, म्हणून
फोन स्पीकरवर ठेवला. रुकडीहून आई.
"हुशार हुती वो, पण बूड टेकायचं न्हाई.
शाळंतनं एकच चप्पल घालून यायची.
मास्तर दरसाली लिवायचं,
लक्ष दिल्यास प्रगती हुईल."
मग जरा थांबून,
"तिच्या बापाचंच हाय समदं.
तीन कारखान्यांनी काढला त्येला.
सा रेडिओ उघडून ठिवल्यालं घरात,
एक बी परत जोडला न्हाई.
मी लई बोलले वो त्येला."
पुढे बराच वेळ
नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज.

आयटीआयच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं,
व्हर्नियर हातात घेतला की आधी जबडे मिटून बघायचे.
शून्यावर शून्य बसत नसेल
तर जिन्नस वाकडा नसतो, मोजणाराही खोटा नसतो.
तेवढा फरक दर वेळी हिशेबात धरायचा
आणि कामाला लागायचं.
रोज सकाळी करते मी हे.
एक्केचाळीस वर्षं झाली,
स्वतःचे मिटून बघितले नव्हते.

हे मॅडमना सांगितलं.
"माणूस म्हणजे व्हर्नियर नव्हे," त्या म्हणाल्या.
लिहून मात्र घेतलं.

चिठ्ठी पर्समध्ये. पुढची तारीख तळहातावर, पेनाने.
खाली उतरले तर गाडीला किल्ली नाही,
पर्समध्ये नाही, वर टेबलावरही नसणार.
"ताई, गाडीलाच हुती, काढून ठेवलीया,"
पोरगा म्हणाला, न बघता,
त्याचं लक्ष पाण्याच्या पातळीवर.

गाडी सुरू केली आणि परत बंद केली.
आईला फोन लावला.
"ते रेडिओ आहेत का अजून?"
"माळ्यावर हायत. भंगारवाला येनार हाय सोमवारी."
"देऊ नको," मी म्हणाले,
आणि तळहातावर तारखेच्या खाली
लिहिलं: सोमवार.